मावसाजींचं वय वाढवण्याचा अर्ज

म्हातारपणाचा आमच्या मावसाजींइतका मान अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी राखला नसेल. विमान चालवणाऱ्यांचं निवृत्तीचं वय वाढवणार, ही बातमी परवा वाचली आणि पहिले आठवले ते मावसाजी. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या त्या काळात ते आसेगाव-वाशीम मोटार हाकत आणि स्वतःला पायलट म्हणवत. "अर्धा रस्ता माणूस सीटले टेकतच नाई, मंग हे इमान नाई तं काय?" त्या रस्त्याने एकदा गेलेल्याला हे पटायचं. सुटायची वेळ ठरलेली होती, पण कुणाची लेक सासरी निघाली की तिचं रडणं आटोपेपर्यंत इंजिन बंद. वाशीमच्या कोर्टात तारीख असलेला एखादा कुरकुरला तर म्हणत, "पोरगी रडून राह्यली, दिसत नाई? तुहं भांडण दहा वर्साचं हाये. अर्ध्या घंट्यानं शियं होते का?"

मग मोटार कंपनीने ड्रायव्हरला पंचावन्नाव्या वर्षी घरी बसवायचा नियम काढला. त्याच आठवड्यात मावसाजींनी एका वळणावर मोटार सरळ पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात घातली. कुणाला खरचटलंही नाही. प्रवाशांनी ती ढकलून वर आणली आणि मावसाजींनी आडवी आलेली बकरी वाचवली असं गावभर सांगितलं. एकाने तर ती काबरी होती हेही सांगितलं. असा माणूस घरी बसवायचा म्हणजे काय? ड्रायव्हरचं वय साठ करा, असा अर्ज गावाने माझ्याकडून, म्हणजे शाळामास्तराकडून, लिहून घेतला. अंगठे उमटवता उमटवता शाळेची शाई संपली.

अर्ज टाकायला निघालो त्या सकाळी मावसाजी घरी आले. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "मास्तर, बकरी नव्हती. वळणावरची बाभूय कोणीतरी तोडली. तिच्या अंदाजानंच मी चाक फिरवत होतो. दोन वर्सापासून डोयाले धुरकट दिसते."

"मंग सांगा ना लोकायले."

"सांगवत नाई बापू. तू फक्त अर्ज नको धाडू. माह्या भरवशावर माणसं बसतेत मागं."

मी अर्ज पाठवला नाही, आणि कुणी विचारलं की टाकायचा राहून गेला म्हणालो. मावसाजी हार घालून घेऊन सन्मानाने घरी बसले, आणि आळशी मास्तराने घात केला असं गाव वर्षानुवर्षं म्हणत राहिलं. मावशीसुद्धा माझ्याशी धड बोलेना. मावसाजी मात्र दर पोळ्याला मला जेवायला बोलवत आणि स्वतः वाढायला उभे राहत. पुरे म्हटलं तरी त्यांचा हात थांबत नसे.

आता मावशी नाही, अंगठे देणारेही बहुतेक गेले. मावसाजी, इतकी वर्षं तोंड मिटून होतो. पण तुम्ही किती मोठे होता हे कुणालाच कळू नये, हे मला आता सोसवत नाही. म्हणून आज सांगून टाकलं, माफ करा.