भिंतीवरचा पिवळा तारा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ठेवायला वेळही नाही. सोलापुरात सीसीटीव्ही बसवायचं माझं काम. "कॅमेऱ्यात काहीतरी पांढरं फिरतंय," म्हणून लोक घाबरून बोलावतात. मी फडक्याने लेन्सवरचा कोळी झटकतो आणि चहा पिऊन परत येतो. त्यामुळे हे असलं काही मीच लिहीन असं वाटलं नव्हतं...

आमचं घर अक्कलकोट रोडला. मुलगी गौरी, सात वर्षांची. हृदयाला छिद्र, म्हणून ऑपरेशन होईपर्यंत धावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. गल्लीतली पोरं खेळायची आणि ही खिडकीत. ते बघवेना, म्हणून हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा गेम लावून दिला. भिंतभर फुगे येतात, बसल्या जागी हात हलवून फोडायचे. कॅमेरा प्रत्येक खेळणाऱ्याला ओळखून एक रंग देतो आणि वर त्या रंगाचा तारा दाखवतो; आपल्या रंगाचे फुगे निसटले की आऊट.

गौरीचा हिरवा. दुसऱ्याच दुपारी शेजारी पिवळा तारा उगवला. खोलीत ती एकटीच – आणि पिवळेही फुगे फुटत होते.

लेन्स पुसली, पंखा बंद केला, आरसा झाकला, सगळं रीसेट केलं. मी बसलो की एक तारा. गौरी बसली की दोन.

शेवटी गौरीच वैतागली. "पप्पा, राहू द्या की. ती पिवळी माझ्यापेक्षा मोठी हाय. मी लिंबू-टिंबू. मी आऊट झाले तर धरायचं न्हाय, माझ्या बदली ती आऊट होणार."

लिंबू-टिंबूला आपण खेळात घेतो, पण त्याचं आऊट होणं मोजत नाही. आजारी पोर म्हणून गौरीला गल्लीत कुणी तेवढंही घेतलं नव्हतं. बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता बंद करा ते. पण पोरगी हसत होती हो... मला बंद करवेना.

ऑपरेशनला निघताना मेन स्विच मी स्वतः पाडला, कुलूप लावलं. शेवटच्या डावात दोन्ही तारे खेळात होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऑपरेशन लांबलं. डॉक्टर बाहेर आले ते घामाघूम. म्हणाले, हृदय पुन्हा सुरूच होत नव्हतं, आम्ही आशा सोडली होती... आणि ते आपोआप सुरू झालं.

घरी आल्या आल्या गौरीने गेम लावायला सांगितला. भिंतीवर तोच जुना डाव उघडला. हिरवा तारा तसाच. पिवळ्याखाली लिहिलेलं – आऊट.

गौरीने पिवळ्या ताऱ्यावर हात ठेवला. "म्हणली हुती की ती," एवढंच बोलली.

वायर, कॅमेरा, सॉफ्टवेअर, सगळं तपासून झालं. कारण सापडलं नाही, आजही नाही. पिवळा तारा पुन्हा आला नाही. गौरी आता गल्लीभर धावते, आणि मी दारात उभा राहून बघतो. माझी पोर वाचली. पण ती दुसरीही कुणाची तरी असेलच ना... तिच्या बापाला डॉक्टरांनी काय सांगितलं असेल?