चौदा दिवस पुकारा बंद

किस्से साठतात कसे, माहीत आहे? तोंड बंद ठेवलं की! बोलणाऱ्या माणसाचे किस्से रोजच्या रोज खर्च होतात. सकाळी घडला, दुपारी डबा खाताना मैत्रिणींना सांगितला, संध्याकाळी नवऱ्याला ऐकवला, संपला. माझी जन्माची सवय तीच. पण या डिसेंबरात मला चौदा दिवस एक अक्षर बोलायला बंदी होती, आणि शंभर पानी वही भरून गेली. त्यातलेच हे काही. सांगतेय म्हणजे लिहितेय, एवढं समजून घ्या.

मी कोर्टात शिपाई आहे. नाव सुनंदा. मुख्य काम पुकारा. प्रकरणाचा नंबर आला की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा ओरडायचं. तीन पुकाऱ्यांत माणूस आला तर हजर, नाही आला तर गैरहजर. पुढं काय व्हायचं ते साहेबांच्या हातात. अठरा वर्षं हेच केलं. आमच्या कॉरिडॉरमध्ये आठवडी बाजार भरल्यासारखा गोंगाट असतो, तरी माझा आवाज खाली चहाच्या टपरीपर्यंत जायचा. वकील मला 'लाऊडस्पीकर' म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दिवाळीनंतर तो आवाज बसायला लागला. नळीतून कॅमेरा घातला तर स्वरयंत्रावर गाठ! ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली, साधी निघाली. जिवाची भीती गेली, आवाजाची राहिली.

"चौदा दिवस मौन," डॉक्टर म्हणाले. "बोलायचं नाही, खाकरायचं नाही, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. त्यानं जास्त ताण येतो."

मी वहीत लिहिलं, 'आवाज पहिल्यासारखा येईल ना?'

डॉक्टर म्हणाले, "बघू."

अठरा वर्षं कोर्टात काढलेल्या बाईला 'बघू'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढची तारीख!

*

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराशेजारी जोशीकाकू राहतात. रिटायर्ड शिक्षिका. मी मफलर, कानटोपी घालून ओट्यावर उन्हाला बसले होते, तर काकू समाचाराला आल्या. समोर खुर्ची ओढून बसल्या आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं म्हणाल्या, "क-शी आ-हे त-ब्ये-त?"

मी लिहिलं, 'बरी आहे. औषध चालु आहे.'

काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली गोल गोल अक्षरांत लिहिलं, 'झोप लागते का?'

मी लिहिलं, 'लागते.' काकूंनी लिहिलं, 'ज्येष्ठमध पाठवू का?' असं पंधरा मिनिटं चाललं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, दोघी परीक्षेला बसल्यात! शेवटी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काकू, मला ऐकू येतं. फक्त बोलता येत नाही.'

काकूंनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. मग पेन घेतलं आणि लिहिलं, 'अगोबाई, हो का!'

जाताना माझ्या 'चालु'चं 'चालू' करून गेल्या.

*

डॉक्टरांनी खाकरण्याचं सांगितलं होतं, कुजबुजण्याचं सांगितलं होतं. शिंकेचं राहून गेलं!

आमचे हे चितेगावला कंपनीत आहेत. त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडं. वरणाला फोडणी द्यायची म्हणून त्यांनी तेल चांगलं धूर येईपर्यंत तापवलं आणि त्यात सहा लाल मिरच्या सोडल्या. थंडीमुळं दारं-खिडक्या बंद. माझ्या नाकात जे काही सुरू झालं, ते मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हे घाबरले, पळत आले आणि वही माझ्यापुढं धरून ओरडले, "काय होतंय? लिही, लिही लवकर!"

ते पान अजून आहे. त्यावर फक्त 'शिं' लिहिलंय. पुढचं अक्षर यायच्या आत ती येऊन गेली.

आता हसू येतं. त्या दिवशी मात्र दिवसभर मी गळ्याला हात लावून बसले होते. आत काही फाटलं तर नसेल? तपासणार कसं? बोलून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि बोलायला बंदी. संध्याकाळी लेकीनं तुरीच्या शेंगा उकडून आणल्या, मी हातसुद्धा लावला नाही.

*

माझी माय देवगाव रंगारीला असते, दादाकडं. तिला ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं. आमचे अण्णा गळ्याच्याच दुखण्यानं गेले. शेवटचे दोन महिने त्यांचा आवाज पार गेला होता, आणि माय त्यांच्या उशाशी बसून असायची. तिला 'गळा' आणि 'ऑपरेशन' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकवायची कुणाचीच हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच.

पण दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. पहिला रविवार माझ्या लेकीनं, पूर्वानं निभावला. फोन स्पीकरवर टाकला, मी शेजारी श्वास रोखून.

"आजी, आई देवळात गेलीय."

"हां, तिला म्हणावं पोटभर खात जा."

"आजी, तिकडं थंडी कशी आहे?"

"व्हय, हरभरा लई चांगला आलाय."

"आजी, मामा कुठंय?"

"हां हां, बरं बरं. ठेवते."

पूर्वा म्हणाली, "आई, आजी काहीतरीच बोलतेय!" मी लिहिलं, 'देवगावला रेंज नसते.' पूर्वा म्हणाली, "तुझ्याशी बोलताना कशी असते मग?"

खरंय, माझं बोलणं तिला कायम नीट ऐकू यायचं. दादा चेष्टा करायचा, "सुनंदे, तुझा फोन आला की आमच्या बैलांना पण समजतं." दुसऱ्या रविवारी देवळाऐवजी मला लग्नाला पाठवण्यात आलं.

*

नवव्या दिवशी मी बाथरूममध्ये अडकले.

ह्यांची शिफ्ट बदलली होती, ते पहाटेच गेलेले. पूर्वा कॉलेजला. मी आठ वाजता गरम पाण्यानं अंघोळ उरकली, कपडे घातले आणि कडी ओढली, तर कडी हलेना. ओढली, ठोकली, साबण लावला. ती ढिम्म!

खिडकीच्या पलीकडं जोशीकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला येत होता. नुसतं 'काकू' एवढं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत सुटले असते. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. नवव्या दिवशीच जोर लावला आणि उरलासुरला आवाज या बाथरूममध्येच घालवला तर? आणि ओरडले आणि काही आलंच नाही तर? खरं सांगायचं तर दुसरीच भीती मोठी होती.

मग मी स्टीलचा तांब्या घेतला आणि दारावर बडवायला सुरुवात केली. वाफ गेली, फरशी गार पडली, केस ओले, दात वाजायला लागले. मी बडवत होते. साडेनऊला पूर्वा आली, तिनं बाहेरून ढकललं आणि कडी पटकन सुटली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. रडतानाही आवाज करायचा नव्हता, हे लक्षात ठेवून रडले.

दुपारी जोशीकाकू आल्या. आता त्या वही मागत नाहीत. म्हणाल्या, "सुनंदा, तुमचा तो प्लंबर सकाळी दीड तास ठोकत होता गं! तुला बोलता येत नाही म्हणून काय झालं? असल्यांना दटावायला पाहिजे!"

*

रफिकभाई शेजारच्या कोर्टाचे शिपाई. माझ्या गैरहजेरीत माझाही पुकारा तेच करत होते. ते भेटायला आले ते खडीसाखरेचा पुडा घेऊन. तोवर घरात खडीसाखरेचे सात पुडे झाले होते. शिवाय 'आता तुमच्या मिस्टरांना शांतता!' हा विनोद मला अकरा जणांनी ऐकवला होता, आणि अकराही जणांना वाटत होतं की आपणच पहिले. रफिकभाईंनी तो केला नाही, म्हणून मी त्यांना चहा पाजला.

"बाई, काल गजब झाला," ते सांगायला लागले. "मी पुकारा केला, संजय जाधव! तीन संजय जाधव आत घुसले. दोघांना बाहेर काढलं. तिसरा थेट आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा! साहेबांनी विचारलं, वकील कोण? तो म्हणतो, साहेब, मी तर प्रतिज्ञापत्र करायला आलोय. मी बाहेर आणून विचारलं, फिर वहाँ कैकू खडा रहा भाई? तर म्हणतो, तुमीच एवढ्या प्रेमानं बोलावलं!"

हसायचीही बंदी होती. मी मफलरचं टोक दातांत धरलं.

"तुम्ही गावाचं नाव जोडून पुकारता, ते माझ्या ध्यानात राहत नाही," ते म्हणाले. मग उठता उठता खूशखबर द्यावी तसं म्हणाले, "टेन्शन नक्को लेव बाई. साहेब म्हणत होते, आता दाराला माईकच बसवू. तुमच्या गळ्याला आराम!"

मी मान हलवली. ते गेल्यावर तो पुडा तसाच हातात धरून बसून राहिले. ऊन ओट्यावरून सरकून रस्त्यावर गेलं, तरी मला उठावंसं वाटलं नाही.

*

चौदाव्या दिवशी तपासणीला गेलो. हे गाडी लावायला गेले, मी ओपीडीत बाकावर बसले. गर्दी चिक्कार, सगळे खोकणारे. दारात एक मुलगी हातात कागद घेऊन आली आणि कागदाकडं बघतच पुटपुटली, "सुनंदा..."

पुकारा असा करतात? मी हात वर केला. तिनं वर बघितलंच नाही. "सुनंदा..." मी उठून उभी राहिले, पण मध्ये स्ट्रेचर आलं. "सुनंदा... नाहीत वाटतं. पुढचं नाव." तीन पुकारे झाले. मी गैरहजर!

तिथं उभ्या उभ्या मला ते आजोबा आठवले. हा किस्सा मी कुणालाच सांगितलेला नाही. दिवाळीनंतरची गोष्ट. कन्नडकडचे म्हातारे, बांधाचा दावा. त्या दिवशी माझा घसा धरला होता, म्हणून मी तिन्ही पुकारे अर्ध्याच आवाजात केले. कुणी आलं नाही. दावा काढून टाकला. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आले, तर आजोबा दारापासून चार हातांवर खांबाला टेकून बसलेले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, मी हितंच व्हतो की."

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टर गाठला होता.

ओपीडीत शेवटी ह्यांनी येऊन भांडण केलं आणि मला आत नेलं. डॉक्टरांनी कॅमेऱ्यानं बघितलं. "जखम भरलीय. उद्यापासून हळूहळू बोला." मी वही उघडली. प्रश्न तोच होता, फक्त पान मागचं होतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बघू."

*

पंधरावा दिवस रविवार. सकाळपासून घरात निकालाचा दिवस असल्यासारखं वातावरण. हे म्हणाले, "पहिलं माझं नाव घे." पूर्वा म्हणाली, "नको, देवाचं घे," आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बसली. मी वहीत लिहिलं, 'दहा वाजता.' म्हणजे मीही तारीखच दिली!

साडेनऊला फोन वाजला. माय.

पूर्वानं हात पुढं केला. का कुणास ठाऊक, मी फोन उचलला आणि ओट्यावर जाऊन कानाला लावला. पलीकडं टीव्ही एवढा मोठ्यानं चालला होता की बातमी न् बातमी कळत होती.

म्हटलं, व्हायचं ते होऊ दे. पहिला पुकारा हिच्याच नावाचा. मी श्वास घेतला आणि हाक मारली, "माय."

नुसती हवा आली. कोरडी हवा, आवाजाचा कणसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा हाक मारली. हवा.

डोळे भरून आले. दारात हे आणि पूर्वा उभे होते, मी त्यांच्याकडं पाठ केली. डोळे मिटून, ओठ फोनला टेकवून तिसऱ्यांदा हाक मारली. हवाच.

तीन पुकारे झाले.

"हाय की मी हितंच!" पलीकडून माय म्हणाली. "बोल बाई, बोल. आज लई साफ यायलाय बघ तुझा आवाज!"