मावशींचा पहिला प्रश्न

इस्पितळात त्यांना सगळेच मावशी म्हणत. एकवीस वर्षं त्यांनी वॉर्डातली फरशी पुसली, चादरी धुवायला नेल्या. पेशंटला उठवून बसवणं, घास भरवणं हे मात्र प्रमाणपत्रवाल्यांचं काम. मावशींचा जीव त्यातच अडकलेला. म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी त्या प्रमाणपत्राच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं.

ड्यूटी संपली की लेकीचा जुना फोन खिडकीत टेकवून मावशी वर्गाला हजर. तेही उभ्याने, हात बांधून.

"आई, बस ना खाली. मॅडमना तू दिसत नाहीस."

"मला त्या दिसतायत ना."

लेकीने कपाळावर हात मारला. पण मोठे डॉक्टर राउंडला आले की भिंतीला लागून उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही मावशींच्या अंगात मुरलेली शिस्त. मॅडम रोज म्हणत, "शंका असेल तर चॅटमध्ये लिहा." शंका आहे का, असं डॉक्टर राउंडलाही विचारत, पण ते काही मावशींसाठी नसे.

बरोबरचे एकेक गळाले. कुणी परीक्षेला घाबरलं, कुणाला या वयात शिकायची लाज वाटली. मावशींचा एकही तास बुडला नाही. तरी तिसऱ्या महिन्यात निरोप आला: सहभाग शून्य, नाव उद्या कमी होईल. लेकीने मॅडमना फोन लावून दिला.

"ताई, तुम्ही तीन महिन्यांत एक अक्षर लिहिलं नाहीत. मला वाटलं, सोडलंत."

"तुम्ही बोलत होता ना मॅडम. मोठी माणसं बोलताना मध्ये कसं तोंड घालायचं?"

मॅडम म्हणाल्या, "आज एक तरी प्रश्न लिहा. नाव ठेवते मी."

लेक म्हणाली, "तू सांग, मी लिहिते." मावशी नको म्हणाल्या. एका बोटाने लिहायला त्यांना अर्धा तास लागला.

'आठ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी शेवटच्या रात्री पाणी मागितलं. पाणी द्यायचं नाही, असं सिस्टर सांगून गेल्या होत्या. मी दिलं नाही. सकाळी ते गेले. ओठ तरी ओले करता आले असते का?'

या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. घरातही कुणाला ठाऊक नव्हती.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'सिस्टरना विचारून ओल्या कापसाने ओठ पुसता आले असते. उद्या तेच शिकू.'

नाव वर्गात राहिलं. मावशी मात्र लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. नुसतं विचारायचं होतं.