लग्नानंतरचा साखरपुडा

लग्न होऊन सहा महिने झाले तरी नैना नवऱ्याच्या घरी राहत नव्हती, आणि त्याला कारण नवरा नव्हता, सासू होती.

नैना मूळची नागपूरची. अमेरिकेत रेडमंडला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. लेऑफमध्ये नोकरी गेली, दुसरी शोधता शोधता व्हिसाची मुदत उलटली. तेव्हा तिचा मित्र कुश म्हणाला, लग्न करायचंच आहे ना, मग आत्ताच करू. कुश जवळच्याच बॉथेलचा, जन्मानेच सिटिझन. वकीलबाई म्हणाल्या, नवरा सिटिझन आहे, तुम्ही रीतसर व्हिसावर आलात, तर उलटलेली मुदत ग्रीन कार्डाच्या आड येणार नाही. फक्त लग्न खरं आहे हे पटवावं लागेल. मे महिन्यात कोर्टात लग्न झालं. कुशच्या आईने, डॉक्टर विनीताबाईंनी, साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि पार्किंगमध्ये येताच फर्मान काढलं: हे कागदापुरतं. खरं लग्न डिसेंबरात, मुहूर्तावर. तोवर सून घरात राहायला यायची नाही. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना काय सांगायचं, व्हिसा संपला म्हणून घाईघाईत उरकलं?

नैना गप्प बसली, तिथेच चुकलं. कुशला सांगितलं तर तो म्हणे, "चिल, नैना. इट्स जस्ट मॉम." चिल कसलं डोंबलाचं! शनिवारी पावसात बसने बॉथेलला जायचं, रविवारी संध्याकाळी परत आपल्या भाड्याच्या खोलीत. वर ऑगस्टमध्ये विनीताबाईंनी हॉल घेऊन थाटात साखरपुडा केला. लग्न झालेल्या बाईचा साखरपुडा! मंडळाच्या वीणा काकूंनी फेसबुकवर फोटोही टाकला: अखेर ठरलं एकदाचं!

ग्रीन कार्डाच्या इंटरव्ह्यूला ऑफिसरने तोच फोटो टेबलावर ठेवला. मेमध्ये लग्न झालं म्हणता, मग ऑगस्टमध्ये एंगेजमेंट कशी? पत्ते दोन कसे? कुश त्याला मुहूर्त म्हणजे काय ते समजावू लागला, पण ते त्याला स्वतःलाच धड माहीत नव्हतं. पुन्हा बोलावू, एवढंच ऑफिसर म्हणाला. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं: लग्न खोटं ठरलं तर हे कार्ड विसरा, पुढचे रस्तेही बंद. आजपासून एकत्र राहा, आणि ओळखीच्या लोकांकडून खरं काय ते शपथेवर लिहून आणा.

ओळखीचे लोक म्हणजे तेच, ज्यांना इतके महिने थापा मारल्या होत्या. विनीताबाई म्हणाल्या, मी देते लिहून, पण मंडळात कुणाला कळता कामा नये. नैनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे मला देशाबाहेर काढायची वेळ आलीय, आणि ह्यांना मंडळाची पडलीय!

त्याच आठवड्यात मंडळाचा दिवाळी फराळ होता. नैना सगळ्यांसमोर थेट वीणा काकूंपुढे जाऊन उभी राहिली.

"काकू, आमचं लग्न मे महिन्यातच झालंय. माझा व्हिसा संपला होता, म्हणून आईंनी लपवायला लावलं. आता तुमच्या त्या फोटोमुळे ऑफिसरला माझं लग्न खोटं वाटतंय. खरं काय ते लिहून द्याल?"

विनीताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ही काय जागा आहे का बोलायची, म्हणून त्या पुटपुटल्या. कुश पहिल्यांदाच आईला म्हणाला, "मॉम, स्टॉप. शी इज माय वाइफ." काकूंनी हातातली चकली ताटलीत ठेवली आणि कुणाकडे पेन आहे का म्हणून विचारलं.

नैना त्याच रात्री बॅग घेऊन बॉथेलला राहायला गेली. मार्चमध्ये कार्ड आलं. दुसऱ्याच दिवशी क्लिनिकमधून विनीताबाईंचा फोन, आवाज नुसता साखरेत घोळलेला. डिसेंबर तर हुकलाच, पण जूनमध्ये छान मुहूर्त आहे. आता सगळं सुरळीत झालंच आहे, तर खरं लग्न एकदाचं करून टाकू.

"ते खरं नव्हतं," नैना म्हणाली, "तर मग मला कार्ड कशाबद्दल मिळालं, आई?"

नैनाने फोन ठेवला नाही. तिला उत्तर हवं होतं.