दाजींनी सोडलेली बोट

आमच्या दाजींना पत्र लिहायचा भारी कंटाळा. मुंबईला बोटीतून उतरलं की 'पोचलो, येतो' अशी एक तार ठोकायची, संपला पत्रव्यवहार! म्हणून गेल्या महिन्यात घाटनांदूर स्टेशनातला माणूस तार घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ती वाचून घ्यायच्या आधीच पुरणाला डाळ भिजत घातली. मग तार पदराखाली धरून हसत हसत माझ्या घरी आली. "वाच गं, कोणत्या गाडीनं येतेत?" गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवते मी, चार इंग्रजी बुकं झालेली आहेत. तार वाचता आली, पण सांगता येईना... दाजी नोकरीला होते त्या इराणच्या आखातातल्या तेलाच्या बेटावरच, ताप डोक्यात जाऊन ते वारले होते. आक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "डाळ भिजत घातलीय की गं मी."

गुरुलिंग त्यांचं नाव. घर लिंगायतांचं, किराणा मालाचं बारकं दुकान. पण त्यांच्या वडलांची, बसाप्पांची, ओळख दुकानामुळं नव्हती. बसाप्पा पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रानातून चालायचे, आणि नारळ उभा राहील तिथं विहीर खणायला सांगायचे. पार लिंबागणेशापर्यंत त्यांना बोलावणी यायची. पैशाला कधी हात लावला नाही. पाणी लागलं की चारचौघांत नवं पागोटं बांधून घ्यायचं, तेवढाच मान. एकुलत्या एका पोरानं पुढं हा नारळ हाती धरावा अशी त्यांची फार इच्छा होती. पोरगं निघालं भलतंच!

दाजी शिकायला आंब्याला होते. सरकारी कागदात मोमिनाबाद, आपल्या तोंडी अंबाजोगाई किंवा नुसतं आंबं. तिथं एका मौलवीसाहेबांनी त्यांना छडी मारमारून उर्दू आणि फारशी शिकवली. बाकीची पोरं त्या जोरावर कचेरीत कारकून झाली. दाजींना यंत्रांचं वेड, ते मुंबईच्या एका कारखान्यात घुसले, लेथवर हात बसवला, तिथून ब्रह्मदेशातल्या तेलाच्या विहिरींवर फिटर म्हणून गेले. निघताना बसाप्पा दारात आडवे झाले होते. "पाणी सोडून तेल हुडकायला निघालास? तेलानं तहान भागती का बे?" दाजींनी पाया पडून वळकटी उचलली. बापलेकात मग कितीतरी वर्षं कामापुरतंच बोलणं उरलं.

ब्रह्मदेशातून ते इराणात गेले, आणि मौलवीसाहेबांची छडी तिथं कामाला आली. साहेबांना मजुरांची भाषा येईना, मजुरांना साहेबांची. दाजींना फारशी येत होती, पण पुस्तकातली, दरबारी. एकदा विहिरीच्या तोंडातून गॅस सुटला, माणसं पळायला लागली. दाजींनी नळाचं तोंड बंद करायच्या चाकाला हात घातला, पण एकट्याला ते फिरेना. तेव्हा हे महाशय त्याच दरबारी फारशीत ओरडले, "कृपावंत होऊन क्षणभर इकडे येण्याची तसदी घ्यावी!" पळणारे मजूर हसू येऊन थबकले, चौघं मागं फिरले, चाक फिरलं. हे सांगताना दाजी स्वतःच इतके हसायचे की पान ठसक्यानं बाहेर यायचं. पण त्या दिवसापासून साहेबानं त्यांना ओळखलं. भोक पाडताना तेलाच्या विहिरीत किती जाड चिखल सोडायचा, खालून आलेला खडक कोणता, नळ कुठं अडकला, हे सगळं हळूहळू त्यांच्यावर येत गेलं. शेवटी साहेबानं शब्द दिला, की या सुटीवरून आलास की फील्ड इंजिनियरची खुर्ची तुझी. खुर्चीसोबत बंगला होता, आणि बंगल्यात बायकोला आणायची परवानगी.

आक्का तर हवेतच. "समुद्र निळा असतो का गं हिरवा?" असं मला दिवसातून दहादा विचारायची. लुगडी घड्या घालून ट्रंक भरून ठेवली होती तिनं.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात गावात विहिरीचं लचांड झालं. ओढ्याकाठी गावानं श्रमदानानं विहीर घेतली होती, बसाप्पांच्या नारळावर. काळा फत्तर फोडून फोडून लोकांचे हात सोलले, पाण्याचा टिपूस नाही. बसाप्पांनी भर उन्हात डोक्याचं पागोटं काढून विहिरीच्या काठावर ठेवलं. "पाणी लागल्याबिगर डोक्याला लावणार न्हाई." म्हातारा बोडक्या डोक्यानं गावातून हिंडायचा, आणि लोक नजर चुकवायचे. शेवटी पाटलांनी दाजींना पारावर बोलावलं. "इंजिनेर, तुमी जमिनीच्या पोटातलं जाणता. जागा बदलायची का न्हाई, तुमीच सांगा." बसाप्पा तिथंच बसले होते.

दाजी म्हणाले, "आधी उतरून बघतो."

मी विहिरीवर भाकरी घेऊन गेले तेव्हा ते तळाशी बसून भिंतीला तळहात लावत होते, दगडाचा चुरा चिमटीत धरून चाखत होते. वर आले, तोंड धुतलं आणि मला बाजूला घेतलं. "म्हातारा चुकला. इथं खाली न्हाई पाणी. दोन फत्तरांच्या मधी लाल मुरमाचा थर हाय, तो ओढ्याच्या अंगाला ओला असणार. पाणी तिकडं." मी म्हटलं, मग सांगा की पाटलांना, तिकडं खणतील. दाजी डोळे वटारून म्हणाले, "तुझ्या तोंडून ह्यातलं एक अक्षर निघालं तर मेहुणी म्हणून ओळख देणार न्हाई."

पारावर जाऊन त्यांनी सांगितलं, "जागा बरोबर हाय. झिरा तेवढा दगडानं दाबलाय. मोकळा करू." मग लोहाराकडून पोलादी तोंडाची लांब पहार करून घेतली आणि विहिरीच्या तळातून, ओढ्याच्या बाजूच्या भिंतीत, आडवं भोक पाडायला घेतलं. एकानं पहार फिरवायची, दुसऱ्यानं घण घालायचा. तेलाच्या मुलखात इंजिनानं होणारं काम इथं मनगटानं चाललं होतं. लई हळू! मुंबईहून बोट सुटायचा दिवस जवळ येत होता. आक्का रडली, भांडली, "ती खुर्ची काय तुमच्यासाठी झाकून ठेवतेत का?" म्हणाली. खरंच होतं तिचं. मीही तिच्याच बाजूनं भांडले. दाजी भाकरी गुंडाळून विहिरीवर निघून गेले. गाडीची वेळ आली, गेली. ट्रंक तशीच बांधलेली.

बोट गेल्यावर पाणी आलं. आधी गढूळ चूळ, मग मनगटाएवढी धार. गावानं असा काही ओरडा केला की स्टेशनातली माणसं धावत आली. पाटलांनी सगळ्यांसमोर बसाप्पांना नवं पागोटं बांधलं. गर्दी पांगल्यावर म्हातारे लेकाजवळ आले, मी तिथंच घागर भरत होते.

"बोट गेली न्हवं तुझी?"

"गेली."

"कावून थांबलास बे?"

दाजी हातातला चिखल झटकत राहिले. म्हणाले, "तुमच्या डोक्याला पागोटं बघायचं हुतं."

बसाप्पांनी पुन्हा कधी नारळ हाती धरला नाही. लोक म्हणाले, वय झालं. बापलेक मात्र त्यानंतर एका ताटात जेवले.

खुर्ची दुसऱ्याला गेली. दाजी परत जाऊन त्या नव्या माणसाच्या हाताखाली राबले, एका शब्दानं कुरकुरले नाहीत. पुढं आखातापलीकडच्या बेटावर तेल लागलं, तिथं एका नव्या कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं, आणि आमचे दाजी फील्ड इंजिनियर झाले. बंगलाही मिळाला. पण तोवर बसाप्पा अंथरुणाला खिळले होते. आक्का म्हणाली, त्यांना टाकून मी यायची नाही. म्हातारे गेल्यावर दाजी म्हणाले, पुढच्या सुटीला नेतो... ती सुटी राहिली. याचा मला राग येतो, अजून येतो, कोणावर ते मात्र कळत नाही.

आणि गंमत सांगू? मला वाटत होतं, ही गोष्ट दाजींना, बसाप्पांना आणि मलाच ठाऊक. दाजी गेल्यावर भेटायला आलेल्या एकेकाशी बोलताना कळलं, घण घालणाऱ्या सगळ्या गावाला तेव्हाच कळलं होतं पाणी कुठल्या अंगाला होतं ते. इतकी वर्षं एकानंही तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

हा लेख लिहू का, असं मी परवा आक्काला विहिरीवर विचारलं. ती घागर घासत होती. "लिही. बोटीचं लिही, मला समुद्र बघायचा राहिला ते बी लिही. पण विहीर मामंजींचीच म्हणून लिही. त्यापायीच तर ह्यांनी सगळं सोडलं." खाली भिंतीतून धार पडत होती. शेजारी नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून पोहरा सोडत होती. तिनं सहज विचारलं, "काकू, लई गोड पाणी हाय. कोणाची हो विहीर?"

आमच्याकडं बायका सासऱ्याचं नाव घेत नाहीत. आक्कानं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तिनं घागर खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बसाप्पा पाणाड्याची."