लेकीच्या पुढे चालताना

मलिता एकोणीस वर्षं लुआंग्वाच्या जंगलात पाहुण्यांच्या पुढे बंदूक घेऊन चालत होती. पायी फिरताना रीत ठरलेली: पुढे बंदूकधारी रक्षक, मागे गाइड, मग एका रांगेत पाहुणे. गाइडच्या शब्दाशिवाय बंदूक उचलायची नाही. हा नियम तिने एकदाही मोडला नव्हता.

आज तिच्या मागे गाइड म्हणून लेक होती. तामांडाची परवान्याची परीक्षा होती. दोनदा नापास झालेली. ही शेवटची संधी. रक्षकांचेही वरिष्ठ असलेले परीक्षक साकाला रांगेच्या शेवटी चालत होते.

"जंगलात शिरलो की तू माझी आई नाहीस हं," तामांडाने निघतानाच बजावलं होतं. "उगाच खाकरून इशारे नकोत."

"बरं मॅडम. सकाळी भीतीने कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेही विसरते."

कोरड्या नाल्याच्या वळणावर तामांडाने राखेची पुरचुंडी झटकली. राख पुढे उडाली. वारा फिरला होता. त्यांचा वास समोरच्या उंच गवतात जात होता.

"मागे वळा. हळू," ती पाहुण्यांना म्हणाली. तेवढ्यात गवत दुभंगलं. हत्तीण! मागे पिल्लू. ती सरळ धावत आली.

मलिताला कळायच्या आत बंदूक खांद्याला लागली होती.

"खाली घे," मागून आवाज आला. "मलिता, बंदूक खाली. कान पसरलेत तिचे. नुसती घाबरवतेय."

तीस पावलं. वीस. मागे पोटची पोर उभी. मलिताने दात आवळून नळी खाली केली.

तामांडा टाळ्या वाजवत तिच्या शेजारी आली. "बस झालं गं बाई! जातोय आम्ही!"

हत्तीण दहा पावलांवर थांबली. धुरळा अंगावर आला. तिने मान झटकली आणि पिल्लाला ढकलत ती वळली.

तळावर चहा घेताना साकालांनी विचारलं, "पाहुण्यांच्या आडून मला पुढचं दिसलं नाही. रक्षकाचं काही चुकलं?"

तामांडाने आईकडे पाहिलं. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस गं, एवढंच मलिताच्या मनात होतं.

"चुकलं," तामांडा म्हणाली. "माझ्या शब्दाआधी बंदूक उचलली."

साकालांनी वहीत लिहिलं. "मलिताबाई, महिनाभर बंदूक जमा करायची."

मलिताने खांद्यावरचा पट्टा उतरवला. "आणि हिचा परवाना?"

"मिळाला."

मलिता तिथेच, चहाच्या पेटीवर, मटकन बसली.