पंख्यावरचं नाव

चर्चमध्ये रविवारची उपासना चालू असताना वीज गेली. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला आणि पात्यावरची लाल अक्षरं वाचता येऊ लागली: माझं नाव, त्याखाली माझा हुद्दा. बढती मिळाली तेव्हा देवाचे उपकार मानायला हा पंखा मीच मंडळीला दिला. नाव घालायलाही मीच सांगितलं होतं.

मागच्या बाकावरच्या मार्थामावशी पदराने वारा घेत पुटपुटल्या, “कसा गार वारा लागत होता! ज्यानं कुणी दिलाय, प्रभू त्याचं भलं करो.”

मी चटकन मागे वळलो. बोट वर करून नाव दाखवणार, तोच त्यांचे मिटलेले डोळे दिसले. त्या माझ्यासाठीच प्रार्थना करत होत्या, आणि मला मात्र त्यांनी डोळे उघडून वर बघायला हवं होतं. भोवती म्हातारी माणसं घामाने निथळत होती, तरी वीज इतक्यात येऊ नये असंच मला वाटत होतं.

वीज आली. पाती फिरली, अक्षरं वाऱ्यात विरून गेली. सगळे सुखावले.

“आमेन,” मावशी म्हणाल्या, मान खाली घालून.

मीही म्हणालो. माझी मान वरच होती.